यात्रेच्या पंगतीला रामेन

मला धक्के सोसत नाहीत. शेजारच्या घरात कुणी मोठ्यानं शिंकलं तरी माझ्या हातातला चहा सांडतो, हे अख्ख्या वडगावला ठाऊक आहे. अशा माणसाच्या नशिबी नेमका तोच भाडेकरू यावा, याला काय म्हणावं?

जागा बघायला आला तेव्हा त्यानं भाडं विचारलं नाही की पाणी किती वाजता येतं ते विचारलं नाही. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या अंगाला एक लांबट खोली आहे. वडिलांच्या वेळेपासून तिथं साड्यांचे माग चालायचे. माग विकले आणि खोली तशीच पडून राहिली. हा गडी आत शिरला, भिंतीला नाक लावलं आणि खोलीभर वास घेत फिरला. मी दारात उभा राहून बघत होतो. याला डांबून ठेवायचं सोडून मोकळं कुणी सोडलं, असं माझ्या मनात आलं.

"मालक, तेलाचा वास हाय," तो म्हणाला. "जाईल त्यो. ओल न्हाय भितीला. घेतली जागा."

"पन धंदा कसला घालणार?"

"कोंबडीचा."

चिकन सेंटर, असं समजून मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं पुढचा शब्द टाकला, "जपानी." माझं तोंड उघडंच राहिलं.

तो बेळगुंदीच्या पलीकडच्या एका खेड्यातला, भाताची शेती करणाऱ्या घरातला. तरुणपणी बोटीवर गेला, तिथल्या स्वयंपाकघरात एका जपानी आचाऱ्याच्या हाताखाली कितीतरी वर्षं राबला आणि ती विद्या घेऊन परत आला. वयानं माझ्याहून धाकटा, पण सगळी गल्ली त्याला अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. दुकानात पदार्थ दोनच. एक रामेन, म्हणजे मोठ्या वाडग्यात कोंबडीचा पांढरट दाट रस्सा, त्यात लांबलचक शेवया, वर कोंबडीचे काप, अर्धं अंडं आणि कांद्याची पात. दुसरी तळलेली कोंबडी. आलं-लसूण आणि सोया सॉसमध्ये मुरवायची, बटाट्याच्या पिठात घोळायची आणि दोनदा तळायची. तिसरं काही मागितलं तर तो रस्त्याकडे बोट दाखवायचा.

आमच्या सीमाभागात दुकान घालायचं म्हणजे आधी पाटीचा प्रश्न. पाटी कुठल्या भाषेत, कुठली अक्षरं वर, कुठली मोठी, यावरनं इथं डोकी फुटलीत. मी त्याला चार वेळा बजावलं, अण्णा, पाटीचं जपून. उद्घाटनाच्या दिवशी बाहेर येऊन बघतो तर पाटीवर एक अक्षर नाही! नुसती कोंबडी काढलेली, तीही पाठमोरी. दुपारी एका बाजूची पोरं आली, संध्याकाळी दुसऱ्या बाजूची. दोघांनाही त्यानं एकच सांगितलं.

"कोंबडीला काय भाषा असती व्हय? बसा, खावा आणि मग भांडा."

मी घरात दाराला कडी घालून बसलो होतो. थोड्या वेळानं फटीतून बघितलं, तर दोन्हीकडची पोरं खाली मान घालून शेवया ओढत होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तशी त्याची एकेक तऱ्हा सांगत बसलो तर दिवस मावळेल. शेवयांच्या मैद्यात तो पापडखार घालायचा, त्याशिवाय त्यांना चिवटपणा येत नाही म्हणे. यंत्र कुठलं, तर आपल्या बायका उन्हाळ्यात शेवया करतात तेच. त्याची बाहेरची चकती त्यानं लोहाराकडून करून घेतली होती. रश्शाला कोंबड्या आणायचा त्या अंड्यावरून उतरलेल्या, म्हाताऱ्या. "तरणी तळायला, म्हातारी उकळायला," असं तो बायामाणसांसमोरही बिनदिक्कत बोलायचा आणि मी इकडेतिकडे बघायचो.

पार्सल द्यायचा नाही. कुणालाच नाही. एकदा एक बडं प्रस्थ गाडीत बसून राहिलं आणि ड्रायव्हरला आत पाठवलं. अण्णानं ड्रायव्हरला बसवून खाऊ घातलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. गाडीची काच खाली झाली. मी आमच्या खिडकीतून हे बघत होतो आणि आता माझी खोली पाडतात की काय, या भीतीनं मला घाम फुटला होता. काच परत वर गेली, एवढंच झालं.

सगळ्यात वाईट सवय कानाची. तो आत भिंतीआड रांधायचा आणि गिऱ्हाईक कसं खातंय ते कानानं ऐकायचा. रामेनचा भुरका मारलाच पाहिजे, हा त्याचा कायदा. आता शहरातली शिकली-सवरलेली माणसं चारचौघांत भुरका मारतील का? एक बाई चमच्यानं हळूहळू, तोंडाचा आवाज न करता खात होत्या. हा झारा घेऊन बाहेर आला.

"आक्का, शेजारी बाळ झोपलंय काय?"

"म्हणजे?"

"आवाज येईना तुमचा. वारं घुसल्याबिगर वास कळत न्हाय ह्याचा. वढा की जोरात!"

मी म्हटलं, झालं, आता बाई भडकणार. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, चमचा ठेवला आणि असा भुरका मारला की बाहेर उभं असलेलं कुत्रं उठून बसलं. त्या बाई मग दर आठवड्याला यायला लागल्या.

आणि एक सकाळ मी विसरणार नाही. रस्सा मोठ्या आचेवर ठेवून तो फोनवर बोलत बाहेर उभा होता. तेवढ्यात गॅस संपला आणि हंड्याची उकळी बसली. फोन ठेवून आत गेला, एक घोट चाखला आणि आख्खा हंडा उचलून गटारात ओतला. आख्खा! पहाटेपासूनची मेहनत. मी छातीला हात लावला.

"अण्णा, अवो काय करालासा? चांगला हुता की!"

"चांगला हुता मालक. खरा नव्हता."

त्या दिवशी दुकान बंद. गिऱ्हाइकं आली, पाठमोरी कोंबडी बघून परत गेली. असा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण दुसरा होता. तो याचा बाप.

त्याला सगळे आप्पा म्हणत. आठवड्यातून एकदा रताळी नाहीतर मिरच्या, जे निघालं असेल ते मार्केटात घालायला यायचा. मार्केट कुठं, वडगाव कुठं! पण वाट वाकडी करून यायचा आणि आमच्या समोरच्या घराच्या कट्ट्यावर, दुकानाकडं तोंड करून बसायचा. फडकं सोडायचा. भाकरी, खर्डा, कांदा. पोराच्या दुकानासमोर बसून घरची भाकरी खायचा, वर नळाचं पाणी प्यायचा आणि उठून जायचा. उंबऱ्याच्या आत कधी पाऊल नाही.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कळेनाच. मी अण्णाला विचारलं. कोंबडीचे काप करता करता त्यानं मान वर न काढता सांगितलं. दुकान घालायला त्यानं आपल्या वाटणीचा भाताच्या रानाचा तुकडा विकला होता. बाप आडवा आला होता, यानं ऐकलं नाही. त्या दिवशी म्हातारा बोलला, "रान विकून शिजीवलेलं माझ्या घशाखाली उतरायचं न्हाय." तेव्हापासून पोराच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हता. घर एकच, सून रांधायची ते खायचा, पोराशी कामापुरतं बोलायचा. पण पोरानं ताट पुढं केलं की उठायचा.

"आणि हितं कशाला येऊन बसतात मग?"

"बघाय येतोय," अण्णा म्हणाला. "चाललंय का बुडालंय ते."

आप्पा कट्ट्यावर बसला की इकडं अण्णा एक वाडगा भरून रस्त्याकडच्या टेबलावर ठेवायचा. गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो, ते टेबल रिकामं. वाडग्यातून वाफ निघायची. म्हातारा भाकरी मोडत तिकडं बघत राहायचा, अण्णा भिंतीआडून म्हाताऱ्याकडं बघायचा आणि मी खिडकीतून दोघांकडं. वाफ संपायची. म्हातारा फडकं झटकायचा. अण्णा तो वाडगा ओतून द्यायचा आणि मग तासभर कुणाशी बोलायचा नाही. इतकं जग हिंडलेला, कुणाच्या बापाला न भिणारा माणूस, पण त्याला हवं होतं ते एवढंच, की स्वतःच्या बापानं आपल्या हातचा एक वाडगा खावा. मला दोघांचाही राग यायचा. उठून म्हाताऱ्याच्या तोंडात तो वाडगा ओतावा, असं वाटायचं.

मग त्यांच्या गावच्या ग्रामदेवीची, लक्ष्मीची यात्रा आली. कैक वर्षांनी भरणारी. आमच्याकडच्या यात्रा ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. गावातल्या प्रत्येक घरी पाहुण्यांची रीघ, ओळखीचा असो-नसो, दारात आला त्याला जेवू घालायचं. आणि जेवण म्हणजे मटण. त्यात वाद नाही. मटणात कसर राहिली तर पुढच्या यात्रेपर्यंत त्या घराचं नाव निघतं.

अण्णा मला आमंत्रण द्यायला आला आणि बसल्या बसल्या सांगता झाला, "मालक, आमच्यात यात्रंला मटण न्हाय. रामेन करणार हाय."

चहा सांडला.

"अण्णा, तुमी शुद्धीवर हाईसा न्हवं? पावणं उठून जातील! आप्पा जीव देतील!"

"आप्पाला म्हाईतच न्हाय. आचारी शहरातनं सांगितलाय एवढंच म्हाईत हाय." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या घरची रीत हाय मालक. यात्रंच्या दिशी यजमानानं सगळ्यांच्या मागनं जेवायचं, आणि घरच्या चुलीवर शिजलेलंच. दुसऱ्याच्या घरचा घास चालत न्हाय, आनि उपाशी झोपलं तर लक्ष्मीला लागतंय. म्हातारं देवीला भितंय. त्या दिशी घरात दुसरं कायच शिजणार न्हाय."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. बापाला एक वाडगा खायला लावण्यासाठी हा माणूस घराण्याची अब्रू पणाला लावत होता. आणि तोंडावर काय, तर लोणचं घालायची गोष्ट बोलावी तसा भाव.

यात्रेच्या दिवशी मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण राहवेना. पुढच्या अंगणात मांडव, दारात फेटा बांधून आप्पा, हात जोडून एकेकाला आत घेतोय. परसात चुलवणांवर हंडे; यजमानानं दार सोडायचं नाही, म्हणून आप्पा तिकडं फिरकला नव्हता. आमच्या गल्लीतल्या बायकांकडून आठवडाभर शेवया करवून घेऊन अण्णानं त्या वाळवून ठेवल्या होत्या. एरवी वाळलेल्या शेवईला हात न लावणारा माणूस! कोपऱ्यात ताट झाकलेलं एक लहान पातेलं होतं. सगळ्यात आधी काढलेला दाट रस्सा आणि निवडक काप त्यात.

"हे आप्पाचं," तो मला म्हणाला. एवढंच.

पहिली पंगत बसली. पत्रावळीऐवजी स्टीलचे वाडगे पुढं आले. लोक वाडग्यात बघायला लागले, मग एकमेकांकडे. "हे काय, खीर?" कुणीतरी हळूच विचारलं. पंगतीच्या मध्यावर अण्णाच्या बहिणीचे सासरे बसले होते. भारदस्त माणूस, मिशीवाला. त्यांनी शेवई बोटानं उचलून बघितली, परत टाकली आणि उभे राहिले.

"आम्हाला शेवया खायला बोलिवलंय व्हय यात्रंला? चला उठा!"

त्यांच्यासोबतची माणसं उठायला लागली. बहीण दारात तोंडाला पदर लावून उभी. जेवणावरून उठलेला व्याही म्हणजे त्या मुलीला जन्मभराचा टोमणा. मी परसातून धावत आलेल्या अण्णाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. असं काही होईल हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं!

आवाज ऐकून आप्पा बाहेरून आत आला. पंगत बघितली. वाडगे बघितले. मग पोराकडे बघितलं. त्या एका नजरेत त्याला सगळं कळलं, आचारी कोण ते आणि हे कशासाठी तेही. आता हा म्हातारा इथंच हंडे लाथाडणार, असं मला वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

"व्याही, बसा."

डोळे उघडले तर म्हातारा हात जोडून व्याह्यांच्या पुढं उभा होता.

"आज ह्या घरात शिजलंय ते माझं हाय. मी केलंय म्हणून समजा. आवडलं न्हाय तर मला जोड्यानं मारा, पन वाढल्या अन्नावरनं उठू नगासा."

"आप्पा, तुमी खाल्लंय काय हे कधी?"

"माझ्या पोराचं हाय," आप्पा म्हणाला. "खावा."

ज्याच्या हातचं पाणी तो पीत नव्हता, त्याच्या रश्शासाठी म्हातारा भरल्या मांडवात हात जोडून उभा होता! माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. व्याही बसले. नाइलाजानं बसले, पण बसले. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी वाडगा तोंडाला लावला, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर पांढऱ्या रश्शाची थोरली भैन." मांडवात हशा पिकला आणि भुरके सुरू झाले. आधी एक, मग दोन, मग सगळा मांडव वाजायला लागला.

पुढचं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. गावात बोभाटा झाला. चार घरी मटण खाऊन सुस्तावलेली माणसं 'ते जपानचं' खायला आमच्या मांडवात शिरली. पंगतीमागून पंगत उठत होती. अण्णा परसात घामानं निथळत होता आणि आप्पा मांडवात स्वतः वाढत होता. "घ्या पावणं, लाजू नगासा." हंडे रिकामे व्हायला लागले. शेवटच्या पंगतीला व्याही परत येऊन बसले, दुसऱ्यांदा, आणि वाडगा पुढं केला. आप्पा हातातलं रिकामं भांडं घेऊन परसात आला, इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातल्या पातेल्यावरचं ताट काढलं आणि ते उचलून पंगतीकडे निघाला.

मी अण्णाचा दंड धरला. "अण्णा, ते—"

त्यानं मान हलवली. व्याही वाडगा पुढं करून बसलेत आणि हे यजमानासाठी काढून ठेवलंय, असं भर पंगतीत कुणी म्हणायचं? पाहुण्यापासून अन्न झाकून ठेवलं, यापरीस मोठी नामुष्की आमच्याकडं नाही. तो बघत उभा राहिला. आप्पानं आपल्या हातानं आपला घास व्याह्यांच्या वाडग्यात ओतला, आग्रह कर-करून.

दिवेलागणीला मांडव रिकामा झाला. व्याही तेवढे बाहेर गाडी जोडायच्या खटपटीत होते. आप्पानं फेटा उतरवला, हातपाय धुतले आणि परसात येऊन चुलवणासमोर पाट टाकून बसला. पोराकडे न बघता म्हणाला,

"वाढ."

कितीतरी वर्षं ज्या एका शब्दासाठी हा माणूस वाडगे ओतून देत होता, तो शब्द आला होता. आणि अण्णा रिकामा डाव हातात धरून उभा होता. कोंबड्या संपल्या होत्या, शेवया संपल्या होत्या, नवा रस्सा व्हायला दुसरा दिवस उजाडला असता. मला तिथं उभं राहवेना आणि जाववेनाही.

"आप्पा, संपलं," तो म्हणाला. "तुमचं येगळं काढलंतं. त्या पातेल्यात."

म्हातारा पातेल्याकडे बघत राहिला.

"ते मी व्याह्यांस्नी वाढलं."

"व्हय."

चुलवणातली लाकडं विझत आली होती. मग आप्पानं मोठ्या हंड्याकडे बोट केलं.

"त्यात तांब्याभर पाणी घाल. खळबळून गरम कर आणि दे."

"आप्पा, ते धुवण हाय!" अण्णा ओरडलाच. "चव न्हाय त्याला. ते खरं न्हवं ओ!"

"मला कुठं म्हाईत हाय खरं कसं असतंय ते," म्हातारा म्हणाला. "घाल पाणी."

त्यानं घातलं. अर्धं पाणी बाहेर सांडलं. हंड्याच्या कडेला लागलेलं सगळं त्यानं डावानं खरवडलं, निखाऱ्यांवर हंडा फिरवला आणि ते गढूळ पाणी वाडग्यात ओतून बापाच्या पुढं धरलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी वाडगा घेतला आणि प्याला. न थांबता, तळापर्यंत. अण्णा जमिनीवर बसला होता आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. मला दुसरीकडे बघायचं सुचलं नाही.

तेवढ्यात बाहेरून व्याह्यांची हाक आली. निघताना पाहुण्यानं यजमानाला विचारायचं असतं, म्हणून ते विचारत होते.

"आप्पा, आमी निघालो. तुमी जेवलासा काय?"

म्हाताऱ्यानं मिशी पुसली.

"जेवलो की!" तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "पोटभर जेवलो. पोरानं वाढलं."